आचार्यांचा बाक

तांबेरा ओळखण्याची सर्वांत जुनी रीत अगदी साधी आहे. गव्हाचे पान दोन बोटांच्या चिमटीत धरावे आणि बुडाकडून टोकाकडे अलगद ओढावे. बोटांवर विटकरी भुकटी उतरली, तर रोग आला. ती भुकटी कुंकवासारखी मऊ असते, आणि तिच्या एका चिमटीत अख्खे शेत लोळवण्याइतके रोगबीज असते. नोकरीची बहुतेक वर्षे माझ्या उजव्या हाताची बोटे अशी विटकरी राहिली. संध्येला बसण्यापूर्वी मी ती घासून घासून धुऊ लागलो, की आमच्या घरातून प्रश्न येई, "आज कुंकवाची पूजा बाहेरच उरकून आलात वाटतं?"

बेंगळुरूसारख्या नाचणी खाणाऱ्या मुलखात गव्हावर संशोधन कशासाठी, असे मला नातेवाईक नेहमी विचारीत. त्याचे कारण असे की येथे आसपास गव्हाची शेते नव्हती. रोग पाळायचा, तर तो शेतांपासून दूर पाळावा. आमच्या संस्थेच्या काचघरात आम्ही तांबेरा अक्षरशः पाळत असू. त्याला लागेल तेवढी थंडी द्यावी, दव द्यावे, खायला कोवळी रोपे द्यावीत, आणि मग कोणते रोप त्याला दाद देत नाही हे पाहावे. निलगिरीच्या थंड उतारांवर हा रोग उन्हाळाभर तग धरतो आणि वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतो. त्याचे बीज आम्ही तेथून आणत असू.

माझे शिक्षण दोन टोकांचे झाले. आमचे घराणे कित्येक पिढ्या या गावात आहे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि लहानपणी पाठशाळेत संस्कृत, असा माझा दिवस विभागलेला असे. काही वर्षे न्यायशास्त्राचा पाठ झाल्यावर वडिलांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी मला शेतकी महाविद्यालयात घातले. अनुमान आणि गहू यांचा पुढे कधी संबंध येईल असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते.

आमचा व्यवसाय बाहेरच्या माणसाला थोडा समजावून सांगतो. रोग न होणारा एखादा रानटी गहू घ्यायचा, आपल्या चांगल्या गव्हाशी त्याचा संकर करायचा, आणि त्या संततीचा पुन्हा पुन्हा आपल्याच गव्हाशी संकर करीत राहायचे. दर पिढीत रानटी रक्त निम्मे होत जाते. शेवटी रोगप्रतिकाराचा गुण तेवढा उरावा आणि बाकीचा गहू आपला आपल्याला परत मिळावा, हा हेतू. अडचण अशी की दर पिढीत निम्म्या रोपांत तो गुण उतरतो आणि निम्म्यांत उतरत नाही, आणि नुसते पाहून दोन्ही सारखीच दिसतात. मग सगळ्यांवर रोग सोडून वाट पाहणे आले.

नव्वदच्या दशकात यावर नवा उपाय हाती आला. खुद्द तो गुण दिसत नसेल, तर त्याच्या शेजारी राहणारी एखादी खूण शोधावी. मल्लेश्वरममध्ये माझे घर कोणाला सापडत नाही, पण कोपऱ्यावरचे मारुतीचे देऊळ सर्वांना सापडते. देऊळ दिसले की घर आले. गुणसूत्रावरही असेच असते. जवळजवळ बसलेले गुण पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच पुढे जातात. म्हणून रोपाच्या पानाचा एक तुकडा घ्यायचा, त्यातले वंशद्रव्य काढायचे आणि ती खूण आहे का तेवढे पाहायचे. रोगाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे पाहण्याचे काम वैदेही करी. ती पुण्याहून आली होती. वयाने माझ्या मुलीएवढी, स्वभावाने तडफदार, आणि बोलताना वाक्यातला अर्धा भाग इंग्रजी. वंशद्रव्याच्या नकला काढणारे एक यंत्र तिच्या ताब्यात होते. दिवे गेले की ते यंत्र बंद पडे, आणि त्या काळी बेंगळुरूचे दिवे फार जात. काढलेल्या नकला ती खरवसासारख्या दिसणाऱ्या एका थरात सोडी आणि त्यातून वीज खेळवी. मग अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्यावर तो थर ठेवला की नारिंगी रेघा उजळत. ठरलेल्या जागी रेघ असली तर खूण आहे. नसली तर नाही. मी त्या खोलीत शिरताना नकळत चपला काढून ठेवीत असे. वैदेही म्हणे, "सर, इथे उलट शूज घालायचे असतात. केमिकल्स आहेत."

या रेघांची कीर्ती आमच्या गल्लीतही पोचली होती. एक वयस्कर शेजारी दोन पत्रिका घेऊन आले आणि म्हणाले, "अण्णा, गव्हाचं जुळतं का बघताच आहात, तर स्वल्प आमच्या नातीचंही बघा की." मी म्हटले, "गव्हाच्या बाबतीत माझा अधिकार असा, की सून पसंत पडली नाही तर मी तिला पुढच्या हंगामात पेरत नाही. तुम्हांला चालेल?" ते पुन्हा आले नाहीत.

आता रामाचार्यांविषयी.

मलप्रभेच्या काठच्या एका खेड्यात नरसिंहाचे लहानसे देऊळ आहे. रामाचार्य तेथले परंपरेचे पुजारी. देवाच्या उत्सवात गव्हाची खीर, म्हणजे तिकडची हुग्गी, नैवेद्याला लागते, आणि ती देवळाच्याच सेवेच्या तुकड्यात पिकणाऱ्या खपली गव्हाची लागते. त्या बियाण्यात बाहेरचे बियाणे कधी मिसळलेले नव्हते. लागोपाठच्या तांबेऱ्याने ते पीक बसले होते. आचार्यांची बहीण बेंगळुरूतच राजाजीनगरला दिली होती. तिच्या यजमानांकडून माझे नाव ऐकून ते एका हिवाळ्यात संस्थेत आले. उंच, वाळका बांधा, कपाळावर गोपीचंदन, हातात पितळी डबा. डब्यात गहू होता.

"अण्णा, होतं त्यातलं निम्मं आणलंय," ते म्हणाले. "निम्मं घरी ठेवलंय. हे असंच चाललं तर आणखी दोन-चार उत्सव होतील. मग संपलं. माझ्या हातून सेवा बंद पडली असं व्हायला नको."

मी चहा मागवला. तो त्यांना चालणार नव्हता. पाणीही त्यांनी स्वतःच्या तांब्यातले घेतले. मी संकराची सगळी रीत सांगितली. रानटी गव्हाचा प्रवेश ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे परक्या घरची सून आणायची."

"हो. आणि नंतर दर पिढीला आपल्याच घरातलं आणायचं."

"सरी, ठीक आहे. सून परक्या घरचीच असते." त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला, पण हात वरून काढला नाही. "माझ्या तीन अटी आहेत."

वैदेही तेथेच उभी होती. तिला वाटले होते, सोवळ्याओवळ्याचे काहीतरी निघेल.

"पहिली अट, बी कापायचं नाही."

ही अट ऐकून वैदेहीचा चेहरा उतरला, कारण नेमका तोच तिचा बेत होता. दाण्याचे दोन भाग करावेत, कोंबाकडचा जपून ठेवावा, दुसऱ्या भागातून वंशद्रव्य काढून खूण तपासावी, आणि खूण असेल तेवढेच कोंब लावावेत. यात जागा वाचते, पाणी वाचते, वेळही वाचतो. तिने हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले.

आचार्य म्हणाले, "अक्का, देवाला वाहायच्या अक्षतेला नखाचा चरा चालत नाही. कापलेल्या दाण्याच्या वंशाची हुग्गी मी त्याच्यापुढे कशी ठेवू?"

"बरं," वैदेही म्हणाली. "पानांवर करू. दुसरी?"

"जमिनीवर सांडलेला दाणा देवाच्या कामाचा नाही. उभ्या पिकाचं कणीस कापून ते थेट कापडात घ्यायचं, ही आमची पद्धत. तुमच्या गव्हालाही ती चालली पाहिजे."

"आणि तिसरी?"

"या बियाचं एकही रोप, त्याचं कणीस पिकून होईपर्यंत उपटायचं नाही. तुम्हाला नको असलं तरी नाही."

मी तिन्ही मान्य केल्या. माझी मान हलत असताना वैदेही माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मला अजून आठवते.

पहिल्या दोन अटींचे मूळ मला ठाऊक होते. तिसरीने मात्र कुतूहल जागवले. कापलेले बी वर्ज्य, सांडलेला दाणा वर्ज्य, हे समजते. पण नको असलेले रोप उपटू नये, हे कोठून आले? घरी धर्मशास्त्राचे जे काही ग्रंथ होते ते मी चाळले. बी पेरण्याचे मुहूर्त मिळाले, नवान्नाचा विधी मिळाला, झाड तोडण्यापूर्वी त्याची क्षमा मागण्याचा संकेत मिळाला. ही अट कोठेच मिळाली नाही. एखाद्या स्थानिक आचाराचा हा शेवटचा धागा असावा असे मला वाटले, आणि तो हाती लागावा म्हणून मी कित्येक रविवार त्यात घालवले.

काम सुरू झाले. रानगव्हाशी पहिला संकर झाला, मग त्या संततीचा खपलीशी, मग पुन्हा खपलीशी. प्रत्येक पिढीत वैदेही पानांचे तुकडे घेई, रेघा पाही आणि खूण असलेल्या रोपांना लाल दोरा बांधी. उरलेली निम्मी रोपे काचघराच्या पश्चिमेकडील एका बाकावर सरकवून ठेवली जात. काचघरातील जागा म्हणजे आमच्याकडची सर्वांत दुर्मीळ वस्तू. त्या बाकापाशी आमच्या संचालकांनी मला एकदा थांबवले आणि विचारले, "हे काचघर आहे की धर्मशाळा?" तेव्हापासून त्या बाकाला धर्मशाळा हेच नाव पडले.

"सर, यांना पाणी घालताना मला अक्षरशः गिल्टी वाटतं," वैदेही म्हणे. "ही सगळी रिजेक्ट आहेत. उपटली तर त्यांना कळणार कसं?"

"आचार्यांना कळणार नाही."

"मग?"

"मला कळेल. मी शब्द दिला आहे."

ती पाणी घाली. कुरकुरत घाली, पण घाली, आणि कधी विसरली नाही. हे मी आवर्जून नोंदवतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या संकरापासून आम्हांला छळत होती. रानटी गव्हाचे कणीस पिकले की आपोआप तुटते आणि दाणे भुईवर पडतात. रानात कापणारा कोणी नसतो. स्वतःचे बी स्वतःच पेरण्याची त्याची ती रीत. माणसाच्या गव्हाने ही सवय फार पूर्वी सोडली. आमच्या संकरातली लाल दोऱ्याची रोपे मात्र ती घेऊन आली होती. जरा धक्का लागताच कणसाचे तुकडे गळून पडत. पुढच्या पिढीत हे सुटेल, असे आम्ही म्हणत राहिलो. पुढची पिढी आली, ती तशीच.

खपलीशी तिसऱ्यांदा केलेल्या संकराची रोपे ओंबीवर आली तेव्हा मी काचघरात तांबेरा सोडला. निवड खुणेवर झाली होती. आता प्रत्यक्ष रोगापुढे परीक्षा व्हावी एवढाच हेतू होता. लाल दोऱ्याची सर्व रोपे हिरवीगार राहिली. आम्ही आनंदात होतो. कणसे पिकत आली तेव्हा मी रामाचार्यांना बोलावून घेतले.

ते आले, हात जोडून प्रत्येक रोपासमोर थांबले. निरोगी पाने पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून बाकावर अंथरले, एक कणीस त्यावर वाकवले आणि बोटाने हलकी टिचकी मारली. कणसाचे तुकडे उपरण्यावर पडले. त्यांनी दुसरे कणीस घेतले. तेही पडले. तिसरे त्यांनी नुसते हातात धरले, तर ते हातातच सुटले.

"अण्णा, हा तर तिळासारखा सांडतोय."

मी सांगितले की उपरण्यावर पडलेला दाणा भुईवर पडलेला नव्हे.

"खरं आहे. पण शेतात उपरणं कुठं कुठं अंथरू? हा कापायला माणूस येण्याआधीच खाली येणार." त्यांनी तुकडे गोळा करून परत माझ्या ओंजळीत दिले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे वाटले असते. "रोगी बरा झाला, अण्णा. पण घरी परत आला तो दुसराच कुणीतरी. मी हे घेऊन जाऊ शकत नाही."

"थोडा वेळ द्या," मी म्हणालो.

"वेळ माझ्याकडे किती आहे ते मला माहीत नाही. यंदा घरचं बी पेरलंय, त्याच्यावरही लाली दिसायला लागली आहे." दाराशी जाऊन ते वळले. "तुम्ही अटी पाळल्या, एवढं मी नरसिंहाला सांगेन."

त्यानंतर वैदेहीने लाल दोऱ्याचे एकूण एक कणीस तपासले. न गळणारे एकही नव्हते. गळण्याचा गुण आणि आमची खूण इतक्या जवळ बसले होते, की एकाला बोलावले की दुसरा येणारच. "सर, देवळाच्या पायरीवरच चोर बसलाय," ती म्हणाली. "आणि आपण दर पिढीला देऊळ बघून सिलेक्ट करतोय. म्हणजे चोरालाही आपणच निवडतोय."

ते निदान अचूक होते. उपाय मात्र दिसत नव्हता.

काही दिवसांनी धर्मशाळेतली कणसे पिकून वाळली. आता अट संपली. तो बाक मोकळा करून तेथे नवे काम मांडावे म्हणून वैदेही तिकडे गेली. त्याच काचघरात असल्याने तांबेरा या रोपांवरही बसला होता. ती तपासून ठेवण्याचे कोणी ठरवले नव्हते. खूण नसलेली रोपे मरणार हे गृहीतच होते. मी पलीकडे कुंड्यांपाशी बसलो असता तिची हाक आली.

"सर, जरा येता का? इथे एक रोप चुकलंय."

"चुकलंय म्हणजे?"

"याला झालाच नाहीये."

सगळा बाक गंजल्यासारखा विटकरी झाला होता आणि मध्ये एक रोप उभे होते. कणीस पिकून पिवळे झालेले, पण वरच्या पानावर अजून हिरवेपणा होता. मी ते पान चिमटीत धरून ओढले. बोटे स्वच्छ राहिली. दुसरे पान ओढले. स्वच्छ. शेजारच्या रोपाचे ओढले, तर नखापर्यंत विटकरी झालो.

"लेबलची गडबड असेल," ती म्हणाली. "लाल दोऱ्याचं इकडे आलं असेल." तिने तेथल्या तेथे पानाचा हिरवा तुकडा घेतला आणि यंत्राकडे गेली. त्या दिवशी दिवे गेले नाहीत. अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघे रेघा पाहत होतो. इतर नमुन्यांच्या रेघा लखलखत होत्या, आणि या रोपाची जागा रिकामी होती. तिने पुन्हा केले. पुन्हा रिकामी. खूण नाही, आणि रोगही नाही.

आम्ही काचघरात परत आलो. मी खांद्यावरचा पंचा बाकावर अंथरला आणि कणसाला टिचकी मारली. काही पडले नाही. जोरात मारली. कणीस नुसते डोलले.

तेव्हा मला पाठशाळेतला एक प्रश्न आठवला. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे, हे अनुमान आम्ही घोकत असू. एके दिवशी गुरुजींनी उलट विचारले, "धूर नाही, म्हणून अग्नी नाही, असं म्हणाल का?" आम्ही सगळी मुले एका सुरात "हो" म्हणालो. गुरुजी म्हणाले, "लोहाराकडे जा आणि लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यावर बसा. धूर नसतो त्याला."

हे मी वैदेहीला सांगितले. ती हसून म्हणाली, "म्हणजे सर, तुमच्या पाठशाळेत रिकॉम्बिनेशन शिकवत होते?"

"नाही गं. लोखंडाचा गोळा शिकवत होते. रिकॉम्बिनेशन तू शिकव."

तिने कागदावर एक रेघ काढली. रेघेवर एका टोकाला गळण्याचा गुण, त्याला चिकटून आमची खूण, आणि थोड्या अंतरावर रोगप्रतिकार. "परागाच्या नाहीतर बीजांडाच्या वेळी जोडीतली दोन गुणसूत्रं कधीकधी तुटून एकमेकांत जुळतात. इथे ती खूण आणि प्रतिकार यांच्या मधोमध तुटली. चोर आणि देऊळ एका बाजूला गेले आणि घर एकटंच दुसऱ्या बाजूला आलं." तिने पेन्सिल खाली ठेवली. "आणि आपण देऊळ नाही म्हणून त्याला या बाकावर टाकलं." मग हळू आवाजात म्हणाली, "दाणे कापले असते तर हा दाणा मी लावलाच नसता. आणि पानं बघितल्यावर उपटू दिली असती, तर हे रोप पहिल्याच आठवड्यात गेलं असतं."

माझे हात जोडले गेले. काही क्षण असे असतात की त्या वेळी नमस्कारच घडतो, आणि तो कोणाला करतो आहोत हे विचारण्याचे भान राहत नाही.

उतावीळपणा मात्र आम्ही केला नाही. रोग एखाद्या रोपाला योगायोगानेही चुकतो. म्हणून त्याचे बी पेरून त्या संततीवर पुन्हा तांबेरा सोडला. बरीचशी रोपे निर्मळ राहिली आणि काही गंजली; एकाच गुणाची वाटणी व्हावी तशीच ती झाली. गळणारे कणीस एकाही रोपाला आले नाही. मग निर्मळ रोपांचा खपलीशी आणखी दोनदा संकर केला. या वेळी वैदेहीने प्रतिकाराच्या दुसऱ्या बाजूची एक नवी खूण शोधून काढली आणि तिच्यावर कामही केले. तेव्हा खुणांची विद्या खोटी ठरली, असा अर्थ कोणी काढू नये. पहिली खूण खरी होती, पण एकटी होती. बेंगळुरूचा पत्ता सांगताना लोक घराच्या दोन्ही बाजूंची खूण सांगतात, ते उगीच नव्हे.

रामाचार्य कणीस पाहायला आले तेव्हा त्यांनी टिचकीवर भागवले नाही. दोन्ही हातांनी कणीस धरून उपरण्यावर आपटले.

"घट्ट आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा आपटले. "आमच्यापेक्षा घट्ट आहे की हो अक्का!"

"आचार्य, जास्त आपटू नका," वैदेही म्हणाली. "नाहीतर चौथी अट मी घालीन."

शेवटी बी तयार झाले आणि सेवेच्या तुकड्यात पेरले गेले. तुकड्याच्या एका कडेला आचार्यांनी स्वतःचे जुने बी पेरले होते, उरलेसुरले सगळे. त्या हिवाळ्यात तांबेरा आला. पीक कापणीला आले तेव्हा आम्ही दोघे गावी गेलो. जुन्या ओळी तपकिरी पडून बसल्या होत्या, नव्या उभ्या होत्या. आचार्य ओळींमध्ये उभे राहून एकेक पान चिमटीत धरून ओढत होते आणि दर वेळी स्वतःची बोटे पाहत होते. मग कणसे कापून थेट कापडात घेतली गेली. नैवेद्याची हुग्गी झाली. गुळाचा, खसखशीचा आणि भरडलेल्या खपलीचा वास देवळाच्या ओवरीत भरला होता. पंक्तीत माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, चव कशी आहे. ते म्हणाले, "गूळ जास्त झालाय." त्यांना गव्हात काही वेगळे जाणवले नव्हते. माझ्या नोकरीतले ते सर्वोत्तम प्रशस्तिपत्र.

जेवणानंतर ओवरीत आचार्य आणि मी दोघेच बसलो. इतकी वर्षे मनात राहिलेला प्रश्न मी विचारला.

"आचार्य, त्या तिसऱ्या अटीमुळे हे सगळं झालं. मी पुष्कळ शोधलं, पण मला तिचा आधार मिळाला नाही. कोणत्या ग्रंथात आहे? की तुमच्या घराण्याचा आचार आहे?"

ते खाली पाहू लागले. उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "अण्णा, तिला आधार नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या दोन वडिलांनी सांगितलेल्या. तिसरी माझी. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, निम्मी रोपं नको असतील, ती काढून टाकू. माझ्याकडे सगळं मिळून दोन डबे बी उरलं होतं. त्यातला एक डबा तुमच्या टेबलावर होता. त्याची उगवलेली रोपं कुणी उपटून टाकतंय, हे मला सहन झालं नसतं." मग म्हणाले, "तसं सांगितलं असतं, तर तुम्ही समजूत घातली असती. मी ऐकलंही असतं. म्हणून अट म्हणून सांगितलं."

इतक्या ग्रंथांत शोधलेला आधार माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मला हसू आले, आणि त्यांनाही आले. आतून वैदेहीने विचारले, "काय झालं सर?" मी म्हटले, "संदर्भ सापडला."

पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत, आणि ऐकतो की त्यानंतरही, आमच्या काचघरात पश्चिमेकडचा एक बाक खुणेने नाकारलेल्या रोपांसाठी राखलेला असतो. प्रत्येक पिढीतली थोडी तेथे वाढवायची, त्यांच्यावरही रोग सोडायचा, कणीस पिकेपर्यंत उपटायची नाहीत. धर्मशाळा हे नाव मागे पडले; आता सगळे त्याला आचार्यांचा बाक म्हणतात. नव्याने आलेला एखादा संशोधक विचारतो, की एवढी मोलाची जागा अडवणारा हा नियम कोणत्या पुस्तकात आहे. वैदेही आता त्या विभागाची प्रमुख आहे. ती त्याला पाण्याची झारी देते आणि सांगते, "पुस्तकात नाही. आपल्याकडची पद्धत आहे. घाल पाणी."